हौसेचे मोल : राजवाड्याची मोटार आणि आमची मोटार

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याचा खजिना बहुधा भरलेला असावा. ज्याला पगाराच्या दिवशी वाण्याचे, दुधाचे आणि मुलांच्या शाळेचे पैसे वेगळे काढून उरलेल्या नोटा दोनदा मोजाव्या लागतात, त्याला हौसेचे मोल नेमके ठाऊक असते. आज आम्ही ज्या हौसेविषयी लिहिणार आहोत ती वरवर पाहता श्रीमंतांची आहे. जुनी, जतन करण्याजोगी मोटारगाडी बाळगणे, हा तो विषय. वसंतातल्या व्याख्यानांत शिवकाल, संतवाङ्मय, सहकार असे विषय ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना प्रश्न पडेल, की मोटारीचा कसला आला आहे इतिहास? आमचे उत्तर असे, की गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्या माणसांनी काय मिळवले, काय टाकले आणि काय हातांनी घडवले, हे मोटारीच्या पत्र्यावर जितके स्पष्ट उमटले आहे तितके थोड्याच वस्तूंवर उमटले असेल. आणि हा इतिहास पाहायला कसबा बावड्याच्या रस्त्याइतकी सोयीची जागा आम्हांला दुसरी ठाऊक नाही.

कोल्हापूर शहरातून उत्तरेकडे बावड्याला निघाले की वाटेत नवा राजवाडा लागतो. मेजर मँट या स्थापत्यकाराने आखलेली ही इमारत १८७७ ते १८८४ या काळात उभी राहिली. तेथून पुढे बावड्यात लक्ष्मीविलास पॅलेस आहे. २६ जून १८७४ रोजी कागलकर घाटग्यांच्या घरात ज्या मुलाचा जन्म येथे झाला, तोच पुढे राजर्षी शाहू छत्रपती झाला. त्याही पुढे साखर कारखाना, उसाची शेते आणि पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. राजवाडा, ऊस आणि नदी या तिन्ही गोष्टी आमच्या कथेत पुन्हा येणार आहेत, म्हणून त्या आरंभीच सांगून ठेवल्या.

शाहू महाराजांची स्वारी म्हटली की जुन्या माणसांना खडखडा आठवे. घोडे जोडलेला तो उघडा गाडा महाराज स्वतः हाकीत. त्यांच्या मागून १९२२ साली गादीवर आलेल्या राजाराम महाराजांचा काळ मात्र मोटारीचा होता. त्यांच्या वेळी जर्मनीहून आलेली मेबॅक मोटार आजही कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याकडे आहे आणि विजयादशमीला दसरा चौकात सीमोल्लंघनाच्या सोहळ्यासाठी निघते. आपट्याची पाने हातात घेऊन उभी असलेली गर्दी त्या दिवशी जशी महाराजांना पाहते, तशीच त्या मोटारीलाही पाहते. लहान मुले तर आधी मोटारच पाहतात.

या मेबॅकची कुळकथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. विल्हेल्म मेबॅक हा जर्मन यंत्रज्ञ डाइमलर यांचा जोडीदार. १९०१ साली ज्या मर्सिडीज मोटारीने घोडागाडीचे वळण सोडून आजच्या मोटारीचे रूप घेतले, ती त्याच्या आराखड्यावर तयार झाली. पुढे १९०९ मध्ये त्याने आणि त्याचा मुलगा कार्ल याने झेपेलिन विमाननौकांची इंजिने करण्याचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धानंतर तहाच्या अटींमुळे जर्मनीला विमानांचा उद्योग आखडावा लागला, तेव्हा १९२१ पासून हा कारखाना मोटारींकडे वळला. दुसऱ्या महायुद्धात ते काम थांबेपर्यंत सगळ्या मिळून सुमारे १,८०० मोटारी तेथून बाहेर पडल्या. एवढ्या थोड्या मोटारींपैकी एक पंचगंगेकाठी यावी आणि नव्वद वर्षांच्या घरात पोचूनही दसऱ्याला स्वतःच्या चाकांवर चालावी, ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु मेबॅकची चिंता करण्याचे आपल्याला कारण नाही. तिच्यामागे घराणे आहे, सोहळा आहे, लोकांचा डोळा आहे. आम्हांला चिंता आहे ती दुसऱ्याच मोटारीची. दवाखान्यासमोर उभी राहणारी डॉक्टरांची गाडी, वकिलांची काळी गाडी, लग्नात नवरदेवासाठी मागून आणलेली गाडी, या गाड्या कोठे गेल्या? राजाची मोटार जपली गेली आणि प्रजेची मोटार भंगारात गेली, असे झाले तर पुढच्या पिढीला वाटेल, की या गावात मोटार फक्त राजवाड्यातच होती.

प्रजेच्या मोटारीचा इतिहास फार जुना नाही. मुंबईच्या रस्त्यावर पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला सुटे भाग जुळवून मोटारी उभ्या करण्याचे काम सुरू केले, आणि त्यानंतर शेवरोलेसारख्या अमेरिकन गाड्या जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचू लागल्या. मोटार याच देशात घडली पाहिजे ही जिद्द धरली ती सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला. तिकडे बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ सालीच निघाली होती. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले, की ज्यांना येथे क्रमाक्रमाने सर्व भाग बनवावयाचे असतील त्यांनीच राहावे. परदेशी जुळणी कारखाने त्यानंतर लवकरच बंद झाले. पुढची सुमारे तीस वर्षे सामान्य माणसापुढे मुख्यतः तीनच नावे राहिली : कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड.

यांतली फियाट ही आपल्या मुलखाची लाडकी. १९५४ पासून कुर्ल्यात निघालेल्या फियाट ११०० ला तिच्या पुढे आलेल्या नाकाडामुळे लोकांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव ठेवले. हे नाव तुच्छतेचे नाही. घरातल्या गुटगुटीत पोराला आपण जे नाव ठेवतो त्या जातीचे ते आहे. पुढे १९६४ मध्ये जरा चौकोनी बांध्याची ११०० डी आली, आणि तीच १९७० नंतरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव बदलले, जाळी बदलली, पण आतले १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन मुळात तेच राहिले. अँबॅसडरची गोष्टही तशीच. मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावरून १९५७-५८ च्या सुमारास निघालेली ही गाडी थोड्याफार फरकाने थेट २०१४ पर्यंत तयार होत होती.

त्या काळी नवी गाडी मागितली की वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. म्हणून या मोटारींना आमच्या समाजात एक विलक्षण आयुष्य लाभले. नवी गाडी डॉक्टर घेत. दहा वर्षांनी ती वकिलांकडे, मग एखाद्या अडत दुकानदाराकडे, मग भाड्याने देणाऱ्याकडे जाई. १९७३ नंतर पेट्रोल भडकले, तेव्हा कित्येकांनी मूळ इंजिन उतरवून डिझेलचे बसवले. जीपगाड्यांचे तर सर्रास झाले. त्या ‘वडाप’ झाल्या आणि खेड्यापाड्यांतली माणसे बाजाराला, दवाखान्याला, एस.टी. न पोचणाऱ्या वाटांवर वाहू लागल्या. अशा रीतीने प्रत्येक गाडी शेवटच्या श्वासापर्यंत राबली. म्हणूनच त्या उरल्या नाहीत. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. तिची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर राहिली नाही. त्या दिवशी अनेकांना हुरहुर लागली. ती हुरहुर वाटणाऱ्यांत आम्हीही होतो.

मग अल्प उत्पन्नाच्या माणसाने अशी एखादी मोटार जतन करावी काय? ही हौस राजेरजवाड्यांचीच असते, असा आपला समज आहे. तो इतिहासाला धरून नाही. इंग्लंडमध्ये जुन्या मोटारींचा पहिला मोठा संघ १९३० साली निघाला आणि त्यापाठोपाठ १९३४ मध्ये ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांनी आपला क्लब फारसे श्रीमंत नसलेल्या मोटारशौकिनांसाठी आहे, असेच सांगितले होते. त्या मंडळींना नवी, साच्यातली गाडी घेण्यापेक्षा १९३० पूर्वीची जुनी पण कसदार बांधणीची गाडी स्वस्तात घेऊन स्वतःच्या हातांनी चालती ठेवणे अधिक आवडे. म्हणजे ज्या छंदाच्या वस्तू आज कोटींच्या बोलीने विकल्या जातात, त्याच्या उगमापाशी काटकसरी माणसेच होती.

कोल्हापुरात तर या काटकसरीला बळ देणारी एक परंपरा आहे. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी विलायती यंत्र समोर ठेवून सहकाऱ्यांच्या मदतीने येथेच चित्रपटाचा कॅमेरा बनवला आणि त्यावर चित्रपट काढले. ती बुद्धी एकट्या कलावंताची नव्हती, ती या गावच्या हवेतच होती. नदीचे पाणी उसाला चढवायला आणि गुऱ्हाळे चालवायला विलायतेहून ऑइल इंजिने आली. ती बिघडली तेव्हा विलायतेचा भाग येईपर्यंत ऊस थांबणार नव्हता. म्हणून मेस्त्रींनी तुटलेला भाग समोर ठेवून तसाच दुसरा ओतला, लेथवर कातला आणि बसवला. दुरुस्तीतून नक्कल, नकलेतून निर्मिती, या क्रमाने उद्यमनगर वाढले आणि आज कोल्हापूरच्या फौंड्र्यांतून देशातल्या मोठमोठ्या मोटार कारखान्यांना ओतीव भाग जातात. ज्या गावात इंजिनाचा भाग ओतता येतो, सिलिंडर बोअर करता येतो, पाट्याला नवे पान घालता येते आणि वाकलेला पत्रा हातोडीने सरळ करणारा कारागीर दोन गल्ल्यांवर भेटतो, तेथे जुनी गाडी सांभाळणे तुलनेने स्वस्त पडते. मेबॅकचा मोडलेला भाग जगात शोधावा लागेल. फियाटचा भाग उद्यमनगरात विचारावा, आणि न मिळाल्यास करून घ्यावा.

येथे आम्ही आमचा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण उपदेशापेक्षा चुकांची कबुली अधिक उपयोगी पडते. पंचवीस-एक वर्षांपूर्वी आम्ही आणि शेजारच्या अण्णांनी मिळून १९६६ सालची एक फियाट घेतली. एकट्याच्या खिशाला झेपणार नाही म्हणून दोन घरांत एक गाडी, अर्धा खर्च त्यांचा, अर्धा आमचा. तेव्हा तिला कोणी पुरातन म्हणत नव्हते. भंगाराच्या भावापेक्षा थोडे वर दिले आणि ती बावड्यात आली. पहिली चूक आम्ही लगेच केली. शिल्लक होती तेवढी सगळी रंगावर घातली. गाडी आरशासारखी चमकू लागली. पुढच्याच पावसाळ्यात दाराखालचा पत्रा बोटाने दाबला तर आत गेला. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. तळ, कडा आणि छत मिळून पत्र्याचे एकच खोके असते आणि तेच सारा भार पेलते. तळ सडला की गाडी मोडकळीस आली, वरचा रंग कितीही सुंदर असो. इंजिन पुन्हा करता येते, पण सडलेले खोके सरळ करणे महाग आणि किचकट. म्हणून आधी कागदपत्रे, मग तळाचा पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन आणि सर्वांत शेवटी रंग, हा क्रम आम्ही पैसे गमावून शिकलो.

दुसरी चूक विश्वासाची. एका दुरुस्तीत मूळ कार्ब्युरेटर काढून दुसराच बसवला गेला, आणि जुना मागितला तेव्हा तो कोठे गेला ते कोणी सांगू शकले नाही. तसाच दुसरा जुन्या बाजारात सापडेपर्यंत चार वर्षे गेली. तेव्हापासून गाडीतून निघालेला लहानसा स्क्रूदेखील आम्ही डब्यात घालून वर चिठ्ठी लावतो. अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणत, “घरात लोणच्याला बरणी नाही, आणि यांच्या खिळ्यांना बरण्या!” तक्रार खरी होती. या हौसेचे मोल घरातली बाईमाणसेही भरतात, हे नमूद केल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

आता कायद्याकडे वळू. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पुरातन मोटारींसाठी प्रथमच वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ रूपात असलेली गाडी पुरातन म्हणून नोंदता येते. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो, नव्याने नोंदल्यास क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि पुढच्या नूतनीकरणाचे ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, मेळावा, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी. सांगाडा, बांधणी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला असता कामा नये, अशीही अट आहे. येथे गरिबाची अडचण लक्षात घ्या. ज्याने पोटासाठी आपल्या गाडीत डिझेल इंजिन बसवले, त्याची गाडी या व्याख्येतून बाहेर पडते. तिने सर्वांत जास्त सेवा केली आणि तिलाच मान नाही.

जो साध्या नोंदणीवर गाडी ठेवील त्यालाही खर्च आहे. १५ वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि २० वर्षांवरील गाडीला ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० केले गेले. पर्यावरण कर वेगळा. इंधनाचाही प्रश्न आहे. या गाड्या शिशाच्या पेट्रोलवर वाढल्या. ते आपल्याकडे २००० साली बंद झाले. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. बावड्याच्या माणसाने त्याला नावे ठेवू नयेत, कारण ते उसातूनही येते. पण जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे त्याने खराब होतात, ते बदलून नव्या जातीचे घालावे लागतात, आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये.

या सगळ्यापेक्षा मोठा हिशेब नदीने केला. आमची गाडी नदीकडच्या बाजूला एका जुन्या गोठ्यात असे. २००५ च्या महापुराची खूण त्या भिंतीवर होती, आणि गाडी त्या खुणेच्या वर उभी होती. खुणेवर आम्ही निर्धास्त होतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका समजतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. माणसे आणि जनावरे हलवण्यातच रात्र सरली, गाडी राहिली. राहिली हेच योग्य झाले, त्याबद्दल आम्हांला खंत नाही. पाणी ओसरल्यावर पाहतो तो छपराखालपर्यंत चिखलाची रेघ.

पहिला विचार विकून टाकण्याचा आला. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी दार उघडून गाळ काढायला सुरुवात केली. आमचे वयस्क मेस्त्री येऊन म्हणाले, “चावी फिरवू नका, एवढंच ऐका.” त्यांनी प्लग काढून सिलिंडरमधले पाणी बाहेर काढले, तेल ओतून इंजिन हाताने फिरवले, इंजिन आणि गिअरपेटीतले तेल दोनदा बदलले, ब्रेकचे चारही ड्रम उघडले. वायरिंग सगळे नवे घालावे लागले. आसने उन्हात पडून राहिली. अकरा महिने लागले. मजुरी मेस्त्रींनी हप्त्याने घेतली. ज्या दिवशी इंजिन पुन्हा सुरू झाले त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सांगितले, की हीच गाडी नवी असताना आपल्या वडिलांबरोबर त्यांनी तिच्यावर काम केले होते. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांच्याही वर चढले. या वेळी मात्र ३९ फुटांची बातमी येताच गाडी वरच्या रस्त्याला नेऊन ठेवली होती.

असे विचारता येईल, की ज्या गावात पुराने घरे पडतात तेथे जुन्या मोटारीवर पैसा घालणे शोभते काय? हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला आहे. आमचे उत्तर असे, की मर्यादा पाळली तर शोभते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हा नियम येथेही लागू आहे. कर्ज काढून ही हौस करू नये. दोन-तीन घरांनी मिळून एक गाडी ठेवावी. जिचे भाग गावात मिळतात अशीच गाडी निवडावी. तिच्यावर दरवर्षी ठरावीक रक्कमच घालावी आणि ती संपली की गाडी पुढच्या वर्षापर्यंत थांबवावी. या पद्धतीने जो पैसा खर्च होतो तो बहुतेक गावातल्या हातांनाच मिळतो. आणि त्या हातांतले ज्ञान नाहीसे होऊ लागले आहे. कार्ब्युरेटर कानाने लावणारे, पत्रा हातोडीने ओढणारे मेस्त्री आता थोडे उरले आहेत. त्यांच्या नातवंडांना नव्या गाड्या संगणक लावून तपासाव्या लागतात. आजोबांची विद्या त्यांच्यापर्यंत पोचवायला समोर एखादी जुनी गाडी उभी असावी लागते.

ज्यांना गाडी ठेवणे शक्य नाही त्यांच्यासाठीही काम आहे. घरातल्या जुन्या मोटारीचे नोंदणीपुस्तक, पावत्या, लग्नातले तिच्यापुढचे छायाचित्र टाकून देऊ नका. कोणत्या साली, कोणाकडून, किती उसाच्या बिलात ती आली ते लिहून ठेवा. गल्लीतल्या वयस्क मेस्त्रींना बोलते करा. राजवाड्याची मोटार दसऱ्याला आपल्याला दिसतेच, तिचा आम्हांला अभिमान आहे. पण सीमोल्लंघनाच्या त्या संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, दसरा चौकाबाहेर एखादी डुक्कर फियाट आपल्या माणसांना घेऊन घरी निघालेली दिसली, तर तिलाही सोन्याचे पान द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.